बारा प्रेषित, चोवीस वडील आणि दोनशेतीस व्होल्ट

अहमदनगर,
ता. ३० डिसेंबर १९४६

तीर्थरूप मेरीअक्कास,

धाकट्या प्रभुदासाचा सलाम पोचावा. दाजींनाही माझा सलाम सांग. प्रभूच्या कृपेने इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (सर्व म्हणजे मी, माझा स्टोव्ह आणि घरमालकांचं मांजर, पण पत्रात 'आम्ही सर्व' लिहावं हे तूच लहानपणी कान पिळून शिकवलंस). तुझे गुडघे कसे आहेत? पारनेरच्या थंडीत दाजींचा खोकला वाढतो, तेव्हा त्यांना संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर गप्पा मारत बसू देऊ नकोस. तू पाठवलेले हुलगे पोचले. करंज्यांचा डबाही पोचला. मोटारवाल्याने डब्यावर कोणाची तरी ट्रंक ठेवली असावी, कारण करंज्या निघाल्या त्या पिठाच्या रूपात. पण चव कुठे जाते? मी चमच्याने खाल्ल्या आणि तुझी आठवण काढली.

आता तुझ्या पत्रातल्या प्रश्नाकडे येतो. तिथल्या कंपौंडरसाहेबांची मुलगी शांत आहे, हाताला चव आहे, तेव्हा होय की नाही ते नाताळच्या आत कळव, असं तू लिहिलं होतंस. नाताळ होऊन गेला आणि मी आत्ता टाक हातात घेतोय, म्हणजे तू किती तापली असशील ते मला इथे बसून दिसतंय. दसऱ्याच्या सुट्टीत मी आलो होतो तेव्हा भाकरी थापता थापता तू विचारलंस, मनात कोणी आहे का, आणि मी तव्याकडे बघत 'लिडिया' म्हणालो. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस आणि भाकरी उलटलीस. तर अक्का, मी ते खरंच म्हणालो होतो. यशयाबापूंची लिडिया, मुलींच्या शाळेत शिकवते ती, रविवारी उपासनेला पेटी वाजवते ती. मला तिच्याशीच लग्न करायचं आहे. तिचीही ना नव्हती. अडलं होतं ते फक्त तिच्या बापूंच्या होकारावर. या पत्रात पुढे व्होल्ट येतील, ओहम येतील, एक सुतार येईल. ते सगळं त्या एका होकाराबद्दल आहे, एवढं लक्षात ठेवून वाच, म्हणजे अर्ध्यावर पत्र दाजींच्या पुढ्यात टाकून तू चुलीकडे जाणार नाहीस.

यशयाबापू तुला आठवत असतील. आईच्या वर्षश्राद्धाच्या नव्हे, वर्षाच्या प्रार्थनेला आले होते, आणि चहा घेताना आपल्या कपबशा मोजत होते, तेच. (श्राद्ध म्हणालो म्हणून रागावू नकोस, शेजारी जोशीबुवा राहतात, जिभेला वळण लागतं.) भिंगारच्या लष्करी भांडारात त्यांची सगळी नोकरी गेली. पेन्शन घेऊन ते भांडारातून बाहेर आले, पण भांडार त्यांच्यातून बाहेर आलं नाही. एकट्या माणसाशी बोलतानासुद्धा रांगेशी बोलल्यासारखं बोलतात. माणूस मनाने सोनं, पण डोक्यात एक गोष्ट शिरली की तिला परतीची वाट नसते. चर्चच्या मंडळीचे ते मुख्य पंच आहेत आणि त्यांचा नेम असा की मंडळीसाठी कुठलीही वस्तू आणायची तर तिच्या आकड्याला शास्त्रात आधार हवा. चर्चच्या सतरंज्या घेतल्या त्या दहा, कारण आज्ञा दहा. (बसणारी माणसं अकरा सतरंज्यांची आहेत. उरलेले फरशीवर बसतात आणि थंडीत आज्ञा आणखी एखादी असती तर बरं झालं असतं म्हणतात.) प्रीतिभोजनाची पातेली पाच, प्रभूच्या चमत्कारात भाकरी पाच होत्या म्हणून, आणि वाढायला पळ्या दोनच, मासे दोन होते म्हणून. दोन पळ्यांनी सगळ्या मंडळीला आमटी वाढायची म्हणजे शेवटच्या पंगतीला अंधार पडतो.

शिवाय आमच्याकडे सगळं मतांनी ठरतं हे तुला ठाऊक आहेच. सतरंजीपासून पाळकसाहेबांच्या छपरापर्यंत जे काही असेल ते सभेपुढे मांडायचं, कोणी सूचना करायची, कोणी अनुमोदन द्यायचं, मग बायका-पुरुष सगळ्यांनी हात वर करायचे. चाल चांगली आहे. देशात आता जे काही यायचं आहे ते आमच्याकडे केव्हाच आलेलं आहे, असं मी शाळेत इतर मास्तरांना ऐकवतो. फक्त जगात काही गोष्टी अशाही असतात की त्या हात वर करून ठरत नाहीत, हे आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

झालं असं की या पावसाळ्यात चर्चमध्ये वीज आली. लढाईच्या वर्षांत नाताळचा तारा लावायला बंदीच होती, आणि गेल्या नाताळात लावला तो कागदाचा कंदील, आत रेशनच्या रॉकेलची चिमणी. गव्हाणीचा देखावा सुरू असतानाच तो भडकला आणि मेंढपाळ झालेल्या कारकुनांनी घोंगड्या टाकून विझवला. म्हणून यंदा बापूंनी जाहीर केलं की तारा विजेचा होईल. लगेच ते लष्करी मालाच्या लिलावात गेले आणि एक लाकडी खोका घेऊन आले. खोक्यात मोटारलॉऱ्यांचे दिवे होते, भुशात घालून ठेवलेले, पितळी बुडाचे, बोराएवढे आणि फार गोजिरे. प्रत्येकाच्या पितळेवर कोरलेलं, बारा व्होल्ट, सहा वॅट. बापूंनी चष्मा लावून ते 'बारा' वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. प्रेषित किती? बारा. दिव्यावर काय लिहिलंय? बारा. सरकारी शिक्क्यानिशी इतका स्पष्ट आधार त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. ताऱ्याला दिवे बारा लावायचे हे त्यांनी खोका खाली ठेवायच्या आधीच ठरवलं.

आता इथे तुला थोडं विजेचं सांगावं लागेल. कंटाळू नकोस, दाजी वर्गात सांगतात त्याहून सोपं आहे. व्होल्ट म्हणजे विजेमागचा रेटा. अँपिअर म्हणजे वाहते ती वीज किती. ओहम म्हणजे वाटेतला अडथळा. रविवारी उपासना सुटली की दारात दाटी होते ना? मागून लोक लोटतात तो रेटा, बाहेर पडतात तो प्रवाह, आणि दारात उभं राहून पाळकसाहेबांना पोराची अंगठी हरवल्याची गोष्ट सांगणारी म्हातारी राहीबाई हा अडथळा. रेट्याला प्रवाहाने भागलं की अडथळा किती ते निघतं, आणि रेट्याला प्रवाहाने गुणलं की ताकद निघते, तिला वॅट म्हणायचं. झालं, एवढ्यावर मला शाळेत पगार मिळतो. आता आपला दिवा घे. सहा वॅट, बारा व्होल्ट, म्हणजे त्याला अर्धा अँपिअर लागतो. बारा व्होल्टला अर्ध्याने भागलं की चोवीस ओहम. आणि कंपनीची वीज चर्चमध्ये येते ती दोनशेतीस व्होल्टने. म्हणजे हे दिवे माळेसारखे एकामागे एक ओवायचे आणि दोनशेतीस त्यांच्यात सारखे वाटून द्यायचे. बारा-बाराने वाटत गेलं तर एकोणीस दिव्यांनंतरही थोडे उरतात. तेव्हा दिवे हवेत वीस. बाराच लावले तर एकेकाच्या वाट्याला एकोणीस व्होल्ट येतात, अँपिअर होतो पाऊण आणि वर थोडा, आणि गुणाकार जातो पंधरा वॅटवर. सहा भाकरींच्या माणसाला आग्रह करकरून पंधरा वाढल्या तर जे होईल तेच दिव्याचं होणार.

एवढं साधं गणित. पण सभेच्या आदल्या दिवशी यशयाबापू स्वतः माझ्या खोलीवर आले. मांजराला खुर्चीवरून उठवून बसले. म्हणाले, तुम्ही सायन्सचे मास्तर, बाराच्या सूचनेला तुमचं अनुमोदन पाहिजे, म्हणजे कोणी फाटे फोडणार नाही. मग जाता जाता, दारात वहाणा घालताना, भिंतीकडे बघून म्हणाले की नाताळ झाला की तुमच्या मेरीबाईंना एकदा नगरला बोलावून घ्या. अक्का, याचा अर्थ काय ते तुला समजतं, मलाही समजला. मी दार लावलं आणि पाटी काढून तेच गणित परत केलं. खरं सांगतो, उत्तर बारा यावं म्हणून मी मनापासून प्रयत्न केला. भागाकार उलटा करून पाहिला, कंपनीचे व्होल्ट कमी धरून पाहिले. दर वेळी वीस. त्या पाटीचा मला इतका राग कधी आला नव्हता.

सभेत बापूंनी सूचना मांडली. प्रेषित बारा, दिवे बारा. यावर राहीबाईंनी (पाथर्डीकडच्या, आमच्या मंडळीतल्या सर्वांत वृद्ध) शंका काढली. म्हणाल्या, "त्यातला येक यहूदा हुता, परभूला धरून देनारा. त्याला दिवा लावायचा न्हाई. आमी न्हाई लावू देनार." झालं, दिवे अकरावर आले. मी मनात हिशेब केला, अकरा म्हणजे आणखीच कमी. मग पाळकसाहेबांनी समजावलं की यहूदाच्या जागी पुढे मत्थियाला नेमलं, तेव्हा बारा पुरे होतात. त्यावर कोणीतरी विचारलं की मत्थियाला चिठ्ठ्या टाकून निवडलं, मतं घेतली नव्हती, तर तो आपल्या नियमात बसतो का. यात बराच वेळ गेला. शेवटी बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. पेटीमागे लिडिया बसली होती, तिने भात्यावरचा हात काढला. मी म्हणालो की मला क्षमा करा, पण बारा दिवे जळतील, वीस हवेत. आणि रविवारच्या शाळेचा फळा ओढून सगळं गणित मांडून दाखवलं. फळ्यावर एका कोपऱ्यात नोहाचं तारू काढलेलं होतं, ते पुसावं लागलं, त्यामुळे मुलांची मतं (मुलांना मतं नसतात, पण आया असतात) माझ्या विरुद्ध गेली.

बापूंनी एकच विचारलं, विसाला शास्त्रात आधार काय. मला त्या क्षणी एवढंच आठवलं की योसेफाला त्याच्या भावांनी वीस रुपयांना विकलं. मी ते बोलून गेलो. बोललो नसतो तर बरं झालं असतं. मग हात वर झाले. काय नवल, दोन्हीकडे सारखे. पाळकसाहेब अध्यक्ष, ते मत देत नाहीत. मत द्यायची राहिली होती ती पेटीमागची. पाळकसाहेबांनी विचारलं, लिडियाबाई, आपलं? तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हात वर केला तो बाराला. एका मताने ओहमचा नियम आमच्या मंडळीने नामंजूर केला. मला फार वाईट वाटलं, अक्का. बापू रागावले हे ठीक, ते रागावणारच होते. पण तिने हात वर केला तेव्हा मला वाटलं, संपलं, आता कंपौंडरसाहेबांची मुलगी किती का शांत असेना, तीच माझ्या नशिबी.

बहुमत झालं म्हणजे झालं. दिवे ओवायचे ते मीच. कानिफनाथ सुतार आहे ना, माळीवाड्याच्या अलीकडचा, त्याने ताऱ्याची सागवानी चौकट केली आणि तिला गोलाने बारा भोकं पाडली. तो आपल्या मंडळीतला नाही, पण कामाच्या पायी सगळी चर्चा ऐकून होता. मला म्हणाला, "मास्तर, बारा म्हना का वीस म्हना, भोकं पाडायचं काम माझं हाय. पर लाकूड येकदाच मिळतं. ठरवायचं ते ठरवून या." मी म्हणालो, ठरलंय बाबा. रविवारच्या शाळेच्या मुलांनी प्रत्येक दिव्याखाली एकेका प्रेषिताच्या नावाची चिठ्ठी डकवली. मी तारा चढवला आणि नाताळच्या आधीच्या शनिवारी दिवेलागणीला सगळी मंडळी आवारात जमली. बापूंनी प्रार्थना केली, बटण दाबायला मला सांगितलं, आणि मी दाबलं.

खोटं कशाला सांगू, असा देखणा तारा मी कधी पाहिलेला नाही. पांढरा शुभ्र. रस्त्यावरचे टांगे थांबले. बापूंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि त्या पाहण्यात सगळ्या सायन्सचा निकाल होता. लोकांनी भजन सुरू केलं. पहिलं भजन नीट झालं. दुसऱ्याच्या मध्यावर टक् असा बारीक आवाज आला आणि सगळा तारा गेला. (माळेत ओवलेले असले की एक गेला की सगळे जातात, वाटच तुटते.) मी शिडी लावून एकेक तपासत गेलो. खालून लोक विचारत होते, कोण गेला, कोण गेला. बऱ्याच जणांचा संशय थोमावर होता, कारण शास्त्रातला संशयखोर तोच. निघाला पेत्र, प्रेषितांतला पहिला. मी खोक्यातून दुसरा पेत्र बसवला, तारा पुन्हा लागला, आणि थोड्याच वेळात अंद्रिया गेला. त्याच्यापाठी दोन्ही याकोब. मग मत्तय. मी शिडीवर आणि खोका कानिफनाथाच्या हातात, असा आमचा उद्योग चालला. पाळकसाहेब हळूच म्हणाले की एका अर्थी हे बरोबरच आहे, बहुतेक सगळे हुतात्मेच झाले होते. कोणी हसलं नाही. राहीबाई मात्र मत्थियाकडे लक्ष ठेवून होत्या. तो शेवटपर्यंत टिकला, आणि चिठ्ठीने निवडलेला माणूस मतांनी निवडलेल्यापेक्षा बरा असतो का, यावर आमच्याकडे अजून कुजबुज चालू आहे.

बापू घरी निघाले. जाताना एवढंच म्हणाले की मन नसलं की हात नीट चालत नाही. म्हणजे दोष दिव्यांचा नाही, आकड्याचा नाही, माझ्या मनाचा. अक्का, त्या वेळी मी आवारात बसून मेलेले दिवे टोपलीत भरत होतो आणि मनात तुला पत्र लिहीत होतो. त्यात फक्त 'होय, कंपौंडर' एवढंच होतं. तेवढ्यात लिडिया आली. (एकटी नाही, राहीबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांना दूरचं दिसत नाही, पण जवळचं ऐकू येतं, म्हणून आम्ही दूर उभे राहिलो.) टोपलीतला एक दिवा उचलून तिने कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाली, "मी बाराला हात वर केला तो दिवे जावेत म्हणूनच. बापूंना सांगितलेलं पटत नाही, विझलेलं पटतं."

मग तिने विचारलं, वीसच पाहिजेत, की विसाच्या पुढे गेलं तरी चालतं? मी सांगितलं, पुढे जाल तितका एकेकाच्या वाट्याचा रेटा कमी, उजेड मंद, पण धोका काही नाही. उलट दिवे कितीतरी जास्त टिकतील. ती म्हणाली, मंद चालेल, नाताळचा तारा आहे, लॉरीचा दिवा नव्हे. आणि कानिफनाथाला विचारलं की आहे त्या लाकडात किती भोकं वाढतील. तो म्हणाला, विसाचा हिशेब नव्यानं आखावा लागंल, पर दोन भोकांच्या मधी येकेक पाडायचं तर आत्ता पाडतो. म्हणजे चोवीस. ती ठीक आहे म्हणाली आणि राहीबाईंना हाताला धरून घेऊन गेली. अक्का, मी विज्ञान शिकवतो, पण इतक्या कमी शब्दांत इतकं काम होताना मी पाहिलं नव्हतं.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला उतारा निवडायची पाळी लिडियाची होती. तिने शास्त्राच्या शेवटी शेवटी आहे तो निवडला, स्वर्गातलं सिंहासन आणि सभोवार पांढरी वस्त्रं नेसून बसलेले चोवीस वडील, म्हणजे स्वर्गातले वडीलधारे, आणि बापूंनाच मोठ्याने वाचायला दिला. ती स्वतः एक अक्षर बोलली नाही. उपासनेनंतर बापू सभेत उठले तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा लिलावातल्या खोक्याच्या दिवसासारखा होता. त्यांना पहाटे दर्शन झालं म्हणाले. प्रेषित हे पृथ्वीवर चालणारे, आकाशातल्या ताऱ्याला त्यांचा आकडा घेतला ही चूक झाली. तारा आकाशातला, तेव्हा आकडा स्वर्गातलाच पाहिजे, म्हणजे चोवीस. मग त्यांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं आणि सायन्सचं मत विचारलं. मी उठलो आणि म्हणालो की बापू, दिव्यावर बाहेरून बारा लिहिलंय हे खरं, पण आतला अडथळा मोजला तर चोवीस ओहमच भरतो. यात तिळाएवढंही खोटं नव्हतं. बापूंनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, हे मास्तरांनी पहिल्या सभेतच सांगायला हवं होतं. (सांगितलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं. नोहा पुसून.) सगळे हात वर झाले. राहीबाईंनी दोन केले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तारा लावला. चोवीस दिवे, एकेकाच्या वाट्याला साडेनऊ व्होल्ट, प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही खाली, ताकद चार वॅटपेक्षा थोडी कमी. तांबूस, मऊ उजेड होता, चुलीतले निखारे दिसतात तसा. टांगेवाले काही थांबले नाहीत. पण भजनं संपली, गव्हाणीचा देखावा संपला, करंज्या वाटून झाल्या, आणि तारा आपला तसाच. सकाळी उपासनेला आलो तरी तसाच. बापू त्याखाली बराच वेळ मान वर करून उभे होते. मग मला जवळ बोलावलं आणि विचारलं की हे किती चालतील. मी म्हणालो, रेटा कमी आहे बापू, आपल्याला पुरून उरतील. त्यावर ते एकदा ताऱ्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मेरीबाईंना बोलवा. जावई असाच बरा. उजेड थोडा कमी असला तरी चालेल, टिकला पाहिजे."

मी त्यावर हसावं की रडावं ते अजून ठरवलेलं नाही, पण आनंदाने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे तू म्हणशील तर शपथेवर सांगतो. आता दाजींना पत्र वाचायला दे, पण ओहमच्या भागात त्यांना चुका काढू देऊ नकोस. गुडघ्यांना तेल लाव. मांजराकडूनही सलाम.

तुझा धाकटा भाऊ,
प्रभुदास

ता. क. कंपौंडरसाहेबांना काय सांगायचं ते तूच गोडीत सांग. मी चांगला मुलगा आहे पण उजेड कमी आहे, असं सांगितलंस तरी चालेल. त्याला आता माझ्याकडे मुख्य पंचांचा दाखला आहे.

दुसरा ता. क. येत्या रविवारी पारनेरच्या पहिल्या मोटारीने मागणी घालायला यायचं आहे. माणसं तीन हवीत असं बापूंनी कळवलं आहे, कारण पूर्वेकडून ताऱ्याचा माग काढत आले ते ज्ञानी लोक तीन होते. (शास्त्रात त्यांचा आकडा कुठेच दिलेला नाही हे मला ठाऊक आहे, दाजींनाही ठाऊक असणार, दोघांनीही तोंड उघडू नये, असा लिडियाचा निरोप आहे.) तू, दाजी आणि तिसरा कोणीही ज्ञानी दिसेल असा आण. करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बस.

तिसरा ता. क. आणि हेच खरं काम, बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस. मागणी अजून व्हायची आहे, पण लग्नाच्या मांडवाचे दिवे आले. शुक्रवारी परत लिलाव झाला आणि बापूंनी रणगाड्यांच्या दिव्यांचा खोका आणला, चोवीस व्होल्टचे. मांडव चर्चच्या आवारात पडणार, म्हणून काल सभेपुढे ठराव आला. शास्त्रात सोन्याच्या समया सात, तेव्हा मांडवाला माळेत दिवे सात. एकेकाच्या वाट्याला जवळजवळ तेहतीस व्होल्ट बसतील. लिडियाने पेटीमागून माझ्याकडे पाहिलं आणि साताला हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे माझाही हात त्यात आला. तेव्हा अक्का, मागणी घालताना बापू म्हणतील ते सगळं कबूल कर, पण लग्न दुपारचं ठरवून घे.